एका खटक्याचं घर

माझा धाकटा लेक भुजंग घरात बोलत नाही, हाका मारतो. समोर ताट वाढून मी हातभरावर बसलेली असते, तरी "आई, मीठ!" असं म्हणतो की रस्त्यानं चाललेली बैलगाडी थांबावी. परभणीच्या जिनिंग-प्रेसमध्ये वायरमन म्हणून त्याची उमर गेली, सरकी काढायच्या मशिनींच्या धडधडीत. तिथं ओरडल्याशिवाय शेजारच्याला ऐकू जात नसे, हे मला मान्य आहे. पण माझं स्वयंपाकघर काही जिनिंग नाही, आणि मी अजून बहिरी झालेली नाही.

नुसतं ओरडणं असतं तर मी पोटात घातलं असतं. भोंगा वाजल्यासारखा जेवायला बसतो, भोंगा वाजल्यासारखा उठतो. चहाला उशीर झाला की बायकोला विचारतो, "लाइन कामून बंद हाय?" पोखर्णीच्या आमच्या घरात लाइट आली तेव्हा देवघराचा खटका, म्हणजे लाइटीचं बटन, त्यानंच बसवला, तो स्वतःच्या डोळ्यांच्या उंचीला. तो असा ताडासारखा आणि मी ही एवढीशी. रोज दिवेलागणीला मी लाटणं घेऊन देवघरात जाते आणि लाटण्याच्या टोकानं खटका दाबते. शेजारणींनी विचारलं की सांगते, लेकरांचा हात पोचू नये म्हणून मुद्दाम वर घेतलाय. लेकाची अब्रू लोकांपुढं मीच झाकायची, आणि लेकाला त्याचा पत्ता नाही.

दिवाळी झाली आणि मालकानं जिनिंग विकलं. जागेचे प्लॉट पडले. मशिनी फिरवणाऱ्या ज्या मोटारींवर भुजंगचं लेकरांपेक्षा जास्त ध्यान होतं, त्या ट्रकमध्ये भरत होते ते तो बघत उभा राहिला, आणि घरी येऊन कितीतरी दिवस हळू बोलला. तेव्हा मला खरी काळजी लागली.

त्यानंतर घरात दोन पक्ष पडले. माझा थोरला राधाकिशन, त्याचा साडू चंद्रभान तारापूरकडं एका कारखान्यात आहे. त्यानं भुजंगसाठी जागा धरून ठेवली आणि निरोप धाडला, अमुक सोमवारी हजर व्हा. राधाकिशन म्हणाला, "जाऊ दे त्याला. मोटारीचा माणूस हाय, मोटारीपाशीच शोभतो." दुसरं काम दारात होतं. गावोगाव नवी घरं उठत होती, जो तो लाइट घेत होता, आणि तारा ओढायला माणूस मिळत नव्हता. पण भुजंगला ते कमीपणाचं वाटे. "मी थ्री फेजचा माणूस, आई. बल्ब लटकवत फिरू का घरोघर? बायकांच्या चुलीपाशी?"

त्याची बायको सारजा काही बोलली नाही. तिनं फक्त माळ्यावरची ट्रंक खाली काढली, झटकली आणि उन्हात ठेवली. मी पाहिलं आणि समजले. शहराचे वारे लागले बाईला. तेव्हापासून मी तिच्याशी कामापुरतं बोलू लागले. ती माझ्याशी तेवढंही बोलेना.

कुणाला "जाऊ नको" म्हणणं माझ्या जिभेत नाही. भुजंगचे वडील गेल्यावर मी दीर-जावांपुढं पदर पसरला नाही, तो लेकापुढं काय पसरू? मी एवढंच केलं, चुडाव्याला विहीणबाईंना निरोप पाठवला. माझी लेक कमल तिथं दिलेली आहे. तिच्या सासऱ्यानं, भगवानरावांनी, नवं स्लॅबचं घर बांधलं होतं. म्हटलं, त्या घराची लाइट माझाच लेक करील, परका माणूस लावाल तर मला खपायचं नाही. भुजंगनं आढेवेढे घेतले आणि शेवटी म्हणाला, "बगतो एक घर करून. जमलं तर हितंच ऱ्हातो. न्हाई जमलं तर सोमवारी तारापूर."

तर ते घर. वास्तुशांतीच्या दिवशी आम्ही सगळे पॅसेंजरनं चुडाव्याला उतरलो. भुजंग तिथं आधीच होता. जाऊन बघते तर बाप्या माणसांची ही गर्दी, आणि सगळ्यांच्या माना वर. भिंतीवरून तारा बसवायच्या लाकडी पट्ट्या अशा सरळ गेलेल्या की सुतारानं तोंडात बोट घालावं. कुठं तार लोंबत नाही, कुठं गाठ नाही. आणि ढाळजेत, म्हणजे घराच्या पुढच्या बाजूला जिथं पुरुषमंडळी बसते तिथं, भिंतीत एक करडी लोखंडी पेटी आणि तिला हातभर हँडल.

भगवानराव धोतराचा सोगा हातात धरून त्या पेटीपाशी असे उभे होते की मला वाटलं, आता हे हिरवी झेंडी दाखवतात.

"या, इहीनबाई, या! तुमच्या लेकानं आमच्या घराला नुसती लाइट न्हाई, कायदा लावला बगा. एक हँडल. वर केलं की सगळं घर चालू, खाली केलं की सगळं घर बंद. कोणत्या खोलीत बल्ब जळायलाय, कोण इजवायचं इसरलं, काई भानगडच न्हाई."

"आमच्या जिनिंगमध्ये असंच होतं," भुजंग म्हणाला. तो म्हणाला म्हणजे अर्ध्या गल्लीनं ऐकलं. "पाळी सुरू, हँडल वर. पाळी बंद, हँडल खाली. बटनं म्हंजी कटकट. ओला हात लागतो, लेकरं खेळतात, ठिणगी उडती. म्हून मी सगळा कारभार एका जागी आणला."

माझी छाती फुगली. मी इकडं तिकडं पाहिलं, विहीणबाई ऐकतात का म्हणून. विहीणबाई, नर्मदाबाई त्यांचं नाव, दाराआड उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "लय हुशार हाय हो तुमचा लेक. आता दिस बुडाला की बगू."

ह्या बाईचं बोलणं मी पुरतं ओळखून आहे. ती स्तुती करते तेव्हा आपली पिशवी जवळ धरावी.

तेवढ्यात कमलनं मला हाताला धरून आत ओढलं. कडेवर लेकरू, डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत. "आई, ह्या घरात खटका कुठंय?"

"ढाळजेत. बगितला न्हाईस का? केवढा हाय."

"तेच म्हणते मी. एकच हाय, आन् तो ढाळजेत हाय. आता मला सांग, मी भाकरी टाकायलाव, अंधार पडला, तर मी काय करायचं?"

"सांगायचं की कुणाला तरी."

"कुणाला? मामंजीला? लगीन होऊन आले तवापासून मी ढाळजेत पाय टाकला का कधी? तिथं चार बाप्ये बसलेले. मी काय दाराआडून टाळ्या वाजवू?"

मी भिंती पाहिल्या. स्वयंपाकघर, माजघर, कोठी, देवघर. वर बल्ब होते, पट्ट्या होत्या, हात ठेवायला कुठं काही नव्हतं. मीटर आदल्या दिवशीच बसलेलं, राहायला आजच आलेले; दिवसाउजेडी कुणाच्या ध्यानात यावं? माझ्या मात्र आलं. तरी लेकीपुढं मी हटले नाही. "तुला काय कळतं त्यातलं? चौदा मशिनी सांभाळल्यात त्यानं."

"मशिनीला भाकरी टाकायच्या नव्हत्या, आई," कमल म्हणाली. आमच्या घरात तीच तेवढी माझ्यावर गेली आहे.

जेवणं उरकली, पाहुणे निम्मे पांगले, दिवस बुडाला. नर्मदाबाईंनी देवघराच्या बल्बाखाली पाट मांडला होता. नव्या घरातली पहिली लाइट देवापुढं लागायची, घरातल्या थोर बाईच्या हातानं, मग हात जोडायचे, मग बाकीच्या खोल्या. असं त्यांनी मनाशी धरलेलं. त्या नवं लुगडं नेसून, हातात हळदकुंकवाची वाटी घेऊन पाटाशी उभ्या राहिल्या. उभ्या राहिल्या त्या राहिल्याच. मग मला म्हणाल्या, "इहीनबाई, आता मी काय दाबू?"

तोवर ढाळजेतून भगवानरावांचा आवाज आला, "झाली का दिवेलागण? करायलोय बरं का चालू!" आणि त्यांनी हँडल वर केलं.

एकदम सगळं घर पेटल्यासारखं झालं. स्वयंपाकघर, माजघर, कोठी, जिना, गोठा, मागची न्हाणी. पुढं बाप्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि मागून राधाकिशनचा असा आवाज आला की मी तो त्याच्या बारशापासून ऐकला नव्हता.

झालं होतं ते असं. दुपारी पंगतीत वाढताना राधाकिशनच्या अंगावर वरणाची बादली हिंदकळली होती. अंधार पडेपर्यंत तो थांबला आणि मग मागं न्हाणीत गेला. न्हाणीला अजून दार नव्हतं, पोत्याचा पडदा होता. अंधारच आहे म्हणून तोही त्यानं बाजूला सारलेला. समोर हौदावर बायका भांडी घासत बसलेल्या. माझा थोरला लेक, आमच्या गावच्या सोसायटीचा मेंबर, मिशीला पीळ देऊन बोलणारा, डोक्यावर तांब्या धरून लख्ख उजेडात उभा. त्याच्या मनात त्या घडीला काय आलं असेल ते त्यानं कधी सांगितलं नाही. पण नऊ महिने पोटात वागवलाय मी त्याला, मला कळतं. त्याला वाटलं असेल, तारापूरला आपणच जावं.

"बंद करा! आरं, बंद करा रं!"

भगवानरावांनी हँडल खाली केलं. घर अंधारात गेलं. स्वयंपाकघरात कमलची जाऊ सुलाबाई पुऱ्या तळत होती. लख्ख उजेडातून एकदम अंधार, डोळ्यांना काही दिसेना, तिचा धक्का लागून पुऱ्यांची परात लवंडली. "लाइट लावा! पुऱ्या गेल्या!" ती ओरडली.

भगवानरावांनी हँडल वर केलं.

"बंद करा म्हणलं न्हवं!" मागून राधाकिशन. त्यानं आत्ताच कुठं हात लांबवून धोतर शोधायला घेतलं होतं.

हँडल खाली.

"लावा!" हँडल वर. "बंद करा!" हँडल खाली. भगवानराव माणूस मोठा हुकमाचा. जो ओरडेल त्याचं ऐकायचं, एवढंच त्यांनी धरलं होतं. गोठ्यात नुकतीच व्यालेली म्हैस. तिनं आयुष्यात बल्ब पाहिलेला नव्हता, आणि आता तो डोक्यावर उघडझाप करायला लागला. तिनं दावं तोडलं आणि अंगणातल्या मांडवातून, विडा खात बसलेल्या पाहुण्यांमधून, सरळ ढाळजेच्या पायरीपाशी येऊन उभी राहिली. जणू तिलाही तक्रार द्यायची होती.

त्यानंतर नर्मदाबाई आल्या. ढाळजेत कधी पाय न टाकणारी बाई, उंबऱ्याच्या आत थांबली, पण आवाज उंबऱ्यात थांबला नाही. "हे घर हाय का कापसाचा प्रेस? माझ्या देवापुढं लाइट लावायची तर मी तुमची परवानगी काढू? आन् न्हाणीतल्या माणसानं काय ढाळजेतून चिठ्ठी न्यायची?" मग माझ्याकडं वळून, एकदम साखरेच्या आवाजात, "न्हाई, इहीनबाई, काम मात्र सरळ हाय हो. रेघ मारल्यागत."

माझं तोंड मी आयुष्यात तीनदाच बंद पाहिलंय, त्यातलं हे एक.

 भुजंगनं खिशातला टेस्टर काढून पेटीवर ठेवला आणि जिना चढून गच्चीवर गेला. त्याच्यामागं, कुणाला न विचारता, सारजा गेली. भगवानरावांनी म्हशीला वळवलं. राधाकिशन ओल्या अंगावर सदरा चढवून आला, कुणाच्या तोंडाकडं न बघता बसला आणि म्हणाला, "मी आधीच सांगितलं व्हतं. त्याला जाऊ द्या सोमवारी. हे घरातलं काम त्याचं न्हाई." कमल आत डोळे पुसत होती, भावाची फजिती आणि सासरची टिंगल, दोन्ही तिच्याच वाट्याला.

तेवढ्यात वरून आवाज आला.

भुजंग बायकोच्या कानात बोलत होता. त्याच्या हिशेबानं कानात. आम्हाला अंगणात शब्द न् शब्द ऐकू येत होता. सारजा हळू बोलणारी, तिचं काही कळत नव्हतं. त्यामुळं ऐकणाऱ्याला एकट्या माणसाचं भांडण ऐकल्यासारखं वाटे.

"कोण ऐकतंय? हळूच बोलायलोय की मी!"

 खाली विड्याचं पान चघळणारा तोंड तसंच धरून बसला.

"न्हाई जमायचं मला हे, सारजा. तिथं मोटार बिघडली तर मोटार बिघडली. उघडायची, पुसायची, जोडायची. हितं एक बल्ब लागला तर एक माणूस रडतंय, इजला तर दुसरं रडतंय."

वर शांत.

"कुणाला इचारायचं? मशिनीला कधी इचारलं व्हतं का मी, बाई, तुला बटन कुठं पायजे?"

पुन्हा शांत. सारजा तिथं काय म्हणाली ते तिनं मला पुढं पुष्कळ दिवसांनी, शेंगा फोडता फोडता सांगितलं. ती म्हणाली, "तुमी मशिनीला न्हाई इचारलं, मलाबी न्हाई इचारलं. मला तारापूरला यायचं का, हे कुणी इचारलं?"

खाली आम्हाला फक्त त्याचं ऐकू आलं. "म्हंजी? तुला न्हाई जायचं?" मग, "मला कुठं जायचंय! कोण म्हणलं मला जायचंय? एका खोलीत सहा-सहा माणसं, खारं वारं, वळकीचं कुत्रंबी न्हाई. पण ऱ्हाऊ कुणाच्या जिवावर? आई एकदा तरी म्हणली का, ऱ्हा रे म्हून? एकदा? तिला मी घरात नगंच हाय. मी वरडतो म्हून."

अंगणातल्या सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. पाव्हण्यांच्या, राधाकिशनच्या, नर्मदाबाईंच्या. मला वाटतं, म्हशीचीही. मी पदर सारखा केला. तो सारखाच होता.

"मग ट्रंक कामून काढली तू?" वरून पुन्हा भुजंग.

ह्यावेळी वर लांबलचक शांतता झाली. सारजाचं उत्तर असं होतं: ट्रंकेत झुरळं झाली होती म्हणून तिनं ती उन्हात ठेवली. भुजंगनं बघितलं आणि काही बोलला नाही. मी बघितलं आणि काही बोलले नाही. उलट बोलणंच तोडलं. तेव्हा तिला वाटलं, मायलेकांचं ठरलंय, आपल्याला घालवायचं ठरलंय. मग तिनं खरंच दोन लुगडी घडी करून आत ठेवली.

मी उठले. नर्मदाबाईंच्या हातात हळदकुंकवाची वाटी अजून तशीच होती. मी ती काढून घेतली.

"इवाई," मी भगवानरावांना म्हटलं, "हँडल खाली करा. आन् मी सांगेपर्यंत कुणी बोंबललं तरी वर करायचं न्हाई."

"आता आनिक काय, इहीनबाई?"

"खाली करा म्हणते ना."

घर अंधारात गेलं. मी आत गेले आणि बायकांना एका जागी बोलावलं. "आता काय करायचं ते ऐका. बोट कुंकवात बुडवा. जिला जिथं रोज अंधारात जावं लागतं तिनं तिथं जा. डोकं चालवू नका, नुसतं नेहमीसारखं आत शिरा. भिंतीवर हात जिथं आपसुक जाईल तिथं टिकली लावा."

"नव्या चुन्यावर?" सुलाबाई म्हणाली.

"नव्या चुन्यावर."

नर्मदाबाई म्हणाल्या, "आमाला न्हाई बाई असले खेळ जमत. ते तुमच्या पोखर्णीत."

"आमच्या पोखर्णीत नरसिंह हाय, इहीनबाई. तो तिन्हीसांजेला आला, आन् उंबऱ्यावर बसला. ढाळजेत बसून हँडल न्हाई ओढलं त्यानं."

 आणि अंधारात वाटीत माझ्या बोटाला एक बोट लागलं, त्यात जोडव्यासारखी जाड अंगठी होती, ती मी ओळखली.

अंधारात पावलं वाजली, बांगड्या वाजल्या, कुणीतरी कुणाला धडकलं आणि हसलं. मग मी ओरडले, "करा चालू!" हे ओरडणं भुजंगच्या तोडीचं होतं, कारण तो स्वतःच जिन्यातून खाली आला, मागं सारजा.

पांढऱ्या भिंतींवर कुंकवाच्या टिकल्या होत्या. भुजंग एकेकीपाशी जाऊन उभा राहू लागला. एकही त्याच्या डोळ्यांच्या उंचीला नव्हती. सगळ्या त्याच्या छातीखाली. तो पुढं मला म्हणाला की तेव्हा त्याला पहिल्यांदा कळलं, घरातली माणसं केवढी असतात ते. स्वयंपाकघराच्या टिकलीशी तो थबकला. "ही डावीकडं कामून?"

"उजव्या हातात घागर असती, दादा," कमल दाराआडून म्हणाली.

माजघरातली टिकली तर पार जमिनीलगत, वीतभर उंचीवर. "ही कुणाची? मांजराची हाय का?"

"माझीच हाय," कमल म्हणाली. "लेकराला पाजता पाजता उठू का मी लाइट बंद करायला?"

भुजंगनं मान हलवली. ओरडला नाही. देवघराच्या उंबऱ्याशी एक टिकली होती, ठसठशीत, अंगठीचा ओरखडा असलेली. आणि मग तो पुढं गेला, आम्ही त्याच्यामागं, ढाळजेच्या दारापाशी. तिथं, आतल्या बाजूनं, भगवानरावांच्या पेटीला लागूनच, तशीच टिकली. तसाच ओरखडा.

भगवानरावांनी ती पाहिली. "हितं कुणाचा हात पोचला?"

 नर्मदाबाई छताकडं बघत होत्या, पट्ट्या किती सरळ आहेत ते.

"असू दे," भगवानराव म्हणाले. "तेबी लावा. पण हँडल माझं ऱ्हाऊ द्या, भुजंगराव."

"हँडल ऱ्हाईलच, मामा. ते मेन हाय." भुजंग पुन्हा पट्ट्यांकडं बघत होता, पण आता वेगळ्या नजरेनं. बोटांनी हवेत रेघा ओढत होता, वरून खाली. "हितून तार उतरवायची. हितं बोर्ड. देवघराला वेगळा. गोठ्याला वेगळा, म्हंजी म्हैस वाचली. न्हाणीला..."

"न्हाणीचा खटका आत पायजे," राधाकिशन पहिल्यांदाच तोंड वर करून म्हणाला. "माझ्या हाताशी."

"आत न्हाई देता येत, दादा. ओल्या हातानं मरशील."

"बाहेर दिला तर कुनीबी येऊन लावंल!"

"मग आधी दार बसवा," सारजा हळूच म्हणाली, आणि आख्खं अंगण हसलं. राधाकिशनसुद्धा. मोठ्या मुश्किलीनं, पण हसला.

मग भुजंगचा हात हवेतच थांबला. "सगळ्या तारा खाली उतरवायच्या म्हंजी आठ-दहा दिवस जातील." त्याचा आवाज एकदम खाली आला. "सोमवार हाय मधी."

हसू विरलं. राधाकिशन खाकरला. "चंद्रभाननं शब्द टाकलाय तिथं," तो म्हणाला. पण मघाचा जोर त्यात राहिला नव्हता. तो न्हाणीकडं बघत होता. "सोमवार हुकला तर जागा जाईल. ते तू बग."

भुजंगनं सारजाकडं पाहिलं. सारजानं माझ्याकडं पाहिलं, ट्रंक काढल्यापासून पहिल्यांदा डोळ्याला डोळा देऊन. नर्मदाबाईंनी मान तिरकी केली, विहीण आता काय बोलते ते ऐकायला. सगळं घर माझ्या तोंडाकडं बघत होतं, आणि लाइट चालू असल्यामुळं तोंड लपवायलाही जागा नव्हती.

मी देवघराच्या उंबऱ्यावर बसले.

"भुजंगा, हितं ये. माझ्यापुढं बस. आता मी बोलणार, तू नुसती मान हलवायची. तुझ्या हाताच्या कामात खोट न्हाई. तार सरळ हाय, जोड पक्का हाय, एवढा तमाशा झाला तरी कुणाला झटका बसला न्हाई. तुझी खोट जबानीत हाय. जिथं इचारायला पायजे तिथं ती बंद, आन् जिथं गप बसायचं तिथं गावभर. इथून पुढं कुणाच्याबी घरात खिळा ठोकायच्या आधी त्या घरच्या बाईला अंधारात उभी करायची आन् तिचा हात कुठं जातो ते बगायचं. बायकोचाबी. सोमवारी तू ह्याच भिंतीला पट्ट्या ठोकत असशील. चंद्रभानला काय सांगायचं ते राधाकिशन सांगंल, त्याचा साडू हाय, माझा न्हाई. हे काम उरकलं की पोखर्णीला ये. सारजाची ट्रंक माळ्यावर चढव. आन् ती चढवायच्या आधी माझ्या देवघराचा खटका माझ्या खांद्याला आणून दे, लाटण्यानं लाइट लावून लावून हात भरून आलाय माझा. अजून कितीक वर्षं दिवेलागण करायचीय मला, आन् खटका बिघडला तर दुसरा माणूस मी कुठं हुडकू? झालं माझं. आता ऊठ. आन् ह्याच्यापुढं हळू बोलत जा. मला ऐकू येतं. मगाशी गच्चीवरचंबी आलं."